राजाच्या पत्रातल्या आठ चिरा

मुलांनो, कल्पना करायला डोळे मिटावे लागत नाहीत. उघडे ठेवा आणि माझ्याबरोबर या.

एक लांबट खोली आहे. तिच्या खिडक्या उत्तरेला आहेत, म्हणून आत ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. मधोमध एक टेबल आहे, तुमच्या घराच्या दारापेक्षा मोठं. टेबलावर मऊ ब्रश, चिमटे, एक गुळगुळीत हाडाची पट्टी आणि वाटीत पातळ पांढरी खळ. भिंतीला लागून लोखंडी कपाटं. ही जुन्या कागदपत्रांच्या कचेरीतली दुरुस्तीची खोली. फाटके, कुरतडलेले, भिजून वाळलेले कागद इथे बरे होतात.

आता त्या टेबलावर एक कागद ठेवा. कल्पनेतच ठेवा बरं, हात लावू नका. उघडलेल्या वहीएवढा कागद, साडेपाचशे वर्षांपूर्वीचा. त्यावर तपकिरी शाईत अकरा ओळी आहेत. ओळी सरळ नाहीत. शेवटाकडे जाता जाता प्रत्येक ओळ खाली घसरलीय, पहिलीतलं मूल कोऱ्या कागदावर लिहितं तशी. दोन ठिकाणी शाईचे डाग आहेत. एक शब्द खोडून पुन्हा तोच लिहिलाय.

हे पत्र एका राजाचं होतं.

तुम्ही म्हणाल, राजाचं अक्षर असं? गंमत तीच आहे. त्या काळी राजे स्वतः लिहीत नसत. राजा बोलायचा आणि लेखनिक लिहायचा, मोत्यासारख्या अक्षरात. खाली राजाची मुद्रा उमटली की झालं काम. या राजाची अशी सातशे पत्रं त्या कचेरीत होती. त्याच्या स्वतःच्या हातचं मात्र हे एकच, कचेरीत आणि सगळ्या जगातही.

त्या खोलीत काम करणाऱ्या बाईंना एक मुलगी होती, दहा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिचं नाव पडलं भिंगरी. शाळेला सुट्टी होती. घरी एकटीला ठेवण्यापेक्षा आई तिला कामावर घेऊन यायची आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवायची. पहिल्या दिवशी भिंगरी स्टुलावर सात मिनिटं बसली. दुसऱ्या दिवशी कापायला रद्दी कागद मिळाला, तिसऱ्या दिवशी खळ ढवळायला मिळाली. चौथ्या दिवशी आईच म्हणाली, "ये इकडे. हात पाठीमागे बांध आणि बघ. बघायला कोणी बंदी केलेली नाही."

तर ही गोष्ट आहे एका गुरुवारची. रविवारी कचेरीत प्रदर्शन भरायचं होतं आणि राजाचं पत्र त्यात सगळ्यात मानाच्या जागी लागणार होतं. चौकट करणारे काका माप घ्यायला आले होते.

"ताई, काच दोन्ही बाजूंनी बंद करणार आहे," काका म्हणाले. "हवा आत जाणार नाही. प्रदर्शन संपलं की चौकटीसकट तळघरात. साहेबांनी सांगितलंय, पुढची दहा वर्षं पत्राला कोणी हात लावायचा नाही."

"दहा वर्षं!" भिंगरी म्हणाली. "तेव्हा मी वीस वर्षांची असेन."

"आणि मी निवृत्त," काका म्हणाले. "म्हणून माप नीट घेऊ दे. चूक झाली तर माझ्या डोक्यावर खापर फोडायला मी इथे नसेन."

आईने पत्र अलगद उचललं आणि उजेडाच्या काचेवर ठेवलं. ही काच म्हणजे एक चपटी पेटी असते. वरती दुधी काच आणि आत दिवा. कागद वर ठेवला की खालून उजेड येतो आणि कागदाचं पोट दिसतं. कुठे जाड, कुठे विरलेला, कुठे जोडलेला, सगळं कळतं. आईला फक्त कडा सरळ आहेत का ते बघायचं होतं. कडा बघून ती काकांबरोबर कपाटाकडे गेली.

भिंगरी हात पाठीमागे बांधून वाकली.

डाव्या कडेला, खालपासून मध्यापर्यंत, बोटभर रुंदीचा एक निमुळता तुकडा वेगळ्या कागदाचा होता. इतका बेमालूम जोडलेला की वरून बघणाऱ्याला कळलंही नसतं. हे तिला ठाऊक होतं. पस्तीस वर्षांपूर्वी हे पत्र तिच्या आजोबांनी दुरुस्त केलं होतं. आजोबा म्हणजे आईचे वडील. आईच्या आधी याच टेबलावर ते काम करायचे, आणि आईला हे काम त्यांनीच शिकवलं. घरी कोणी पाहुणा आला की चहा निवायच्या आत या पत्राचा विषय निघायचा. रविवारी पत्राशेजारी जी पाटी लागणार होती, तिच्यावर त्यांचं नाव होतं. त्यासाठी त्यांनी कोट धुवून आणला होता.

पण भिंगरीला आणखी काहीतरी दिसलं. कागदावर आठ काळपट ठिपके होते, नखाएवढे. ते म्हणजे बारीक ठिगळं. प्रत्येक ठिगळाच्या मध्ये एक उजळ रेघ होती. ठिगळं दोन रांगांत होती, वर चार, खाली चार.

"आई, ही काय गं आठ?"

"किड्यांनी खाल्लेली भोकं. बाबांनी बुजवलीत," आई कपाटापासूनच म्हणाली.

"तू बघितलीस?"

"बाबांनी केलेलं काम मी कशाला तपासू? त्यापेक्षा कागदाला विचारीन, बाबा रे, तू कागदच आहेस ना?"

काका हसले. भिंगरी हसली नाही. ती त्या रेघांकडे बघत होती. तिने या खोलीत पंधरा दिवसांत किड्यांची भोकं भरपूर पाहिली होती. किडा वाकडातिकडा जातो, मध्येच थांबतो, माघारी वळतो. या आठही रेघा सरळ होत्या, आणि सगळ्या एकाच लांबीच्या.

तिने रद्दीतून पत्राच्या मापाचा एक कागद कापला. पत्राजवळ, अंतर ठेवून, त्यावर आठ खुणा केल्या. पत्राला घड्यांच्या जुन्या रेषा होत्या. पस्तीस वर्षं सपाट राहूनही त्या गेल्या नव्हत्या. त्याच रेषांवर तिने आपल्या कागदाला घड्या घातल्या.

तुम्हीही करून बघा. एक कागद घ्या. उभा मधोमध दुमडा. पुन्हा एकदा तसाच दुमडा. आता आडवा दुमडा. हातात छोटी जाड घडी आली? तिच्यातून सुरीचं टोक आरपार घाला (सुरी मोठ्यांना धरू द्या) आणि कागद उलगडा. किती चिरा दिसतात? आठ. वर चार, खाली चार.

भिंगरीच्या कागदावर उलटं झालं. घडी घातली, तशा तिच्या आठही खुणा एकावर एक येऊन बसल्या.

ती घडी मुठीत धरून कितीतरी वेळ उभी राहिली. स्टुलावर न बसता, पण एका जागी.

मग तिने विचारलं, "आई, राजाने या पत्रात काय लिहिलंय?"

"आपल्या मोठ्या बहिणीला लिहिलंय. ती लग्न होऊन दूर दुसऱ्या राज्यात होती. म्हणतो, ताई, माझा उजवा डोळा गेला आणि डावाही अंधुक होत चाललाय. दरबारात कोणालाच ठाऊक नाही, लेखनिकालाही नाही. शत्रूला कळलं तर उद्या फौज घेऊन येईल. तुझ्याकडच्या वैद्याला विचार, आणि उत्तर माझ्याच हाती पडेल असं पाठव."

"म्हणून अक्षर असं घसरलंय."

"म्हणूनच."

"मग हे पत्र त्याने बंद कसं केलं?"

"बंद नव्हतंच केलं. मोहोर नाही, दोरा नाही. साहेबांनी प्रदर्शनाच्या पुस्तिकेतही तसंच लिहिलंय, की राजाचा आपल्या निरोप्यावर इतका विश्वास होता की त्याने पत्र उघडंच धाडलं."

भिंगरीने मुठीतल्या घडीकडे पाहिलं. जो माणूस स्वतःच्या लेखनिकापासून लपवतो, तो वाटेवरच्या निरोप्याला उघडं पत्र देईल? आठ चिरा आणि डावीकडची निमुळती कड यांचा मेळ तिने घातला: राजाने पत्राची घडी घातली होती. पत्राच्याच कडेची एक पट्टी कापली होती. सुरीने घडी आरपार भोसकून ती पट्टी चिरेतून ओवली होती आणि टोक चिकटवून टाकलं असणार. पट्टी कापल्याशिवाय पत्र उघडणं शक्य नव्हतं. ते कुलूपच होतं. आणि कुलपाच्या आठही चिरा आजोबांनी किड्याची भोकं समजून बुजवल्या होत्या. कापलेली कड फाटलेली समजून भरून काढली होती.

बोललं तर आजोबांच्या आयुष्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या कामात चूक निघणार होती, तीही सगळ्या गावासमोर. न बोललं तर रविवारी काच बंद होणार, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण खोटं वाचून घरी जाणार. मग दहा वर्षं पत्र तळघरात.

आईला ती काही बोलली नाही. तिला वाटलं, ज्याचं काम त्याला आधी सांगावं. मला विचाराल तर ते तिचं बरोबरच होतं.

संध्याकाळी आजोबा गॅलरीत बुटांना पॉलिश करत बसले होते. भिंगरी शेजारी जाऊन बसली आणि कागद पुढे केला.

"हे काय? होडी?"

"होडी नाही. राजाचं पत्र आहे. या खुणा म्हणजे तुम्ही बुजवलेली भोकं. आता घडी घालून बघा."

आजोबांनी बूट खाली ठेवला. बोटं पंचाला पुसली. कागदाच्या घड्या बघताच त्यांचे हात आपोआप चालू लागले. उभी, उभी, आडवी. आठ खुणांची एक खूण झाली. त्यांनी घडी उलगडली आणि पुन्हा घातली. चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ नेऊन पाहिली.

"किड्याचंही असं होतं," ते म्हणाले. "घडी घातलेल्या कागदात किडा शिरला की आरपार जातो. उघडल्यावर सारखीच भोकं दिसतात. शंभरदा पाहिलंय मी."

"पण आजोबा, किडा सरळ रेषेत खातो का?"

"एखादा खातो."

"पट्टी घेऊन?"

आजोबांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "भिंगरे, पंधरा दिवस झाले तुला त्या खोलीत जाऊन. पंधरा दिवस! छत्तीस वर्षांत माझे केस पांढरे झाले तिथे. तुझी आई तुझ्याएवढी होती तेव्हापासून मी..." त्यांनी कागदाची घडी पुन्हा घातली.

"मी आईला सांगितलेलं नाही," भिंगरी हळूच म्हणाली. "कोणालाच नाही. तुम्ही नको म्हणालात तर सांगणार पण नाही."

त्यावर आजोबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिला वाटलं आता आणखी ओरडा बसणार. पण ते उठले आणि आत गेले. एक बूट चकचकीत आणि एक धुळीचा, तसेच गॅलरीत राहिले. तो कागद मात्र ते घेऊन गेले.

शुक्रवारी सकाळी आई आणि भिंगरी घराबाहेर पडल्या, तेव्हा आजोबा फाटकाशी आधीच उभे होते. खिशातून त्यांची जुनी हाडाची पट्टी डोकावत होती.

"बाबा, तुम्ही कुठे निघालात?"

"कामावर," आजोबा म्हणाले. "सहा वर्षांची रजा झाली, पुरे आता."

खोलीत आल्यावर त्यांनी सरळ पत्र उजेडाच्या काचेवर ठेवायला सांगितलं. भिंग लावून एकेक ठिगळ पाहिलं. आठवं पाहून झाल्यावर पुन्हा पहिलं पाहिलं. मग म्हणाले, "चिरा आहेत. सुरीच्या आहेत. कडा बघ किती स्वच्छ. आंधळ्यालाही दिसाव्यात अशा, आणि मी बुजवत बसलो."

आईने भिंग घेतलं. तिने पाहिलं, भिंगरीची घडी पाहिली, आणि कपाळाला हात लावला. "परवा प्रदर्शन आहे, बाबा! पुस्तिका छापून आलीय."

"माझी काय नोंद आहे? वही काढ."

त्या खोलीत एक शिस्त होती. कोणत्याही कागदाला हात लावला की काय केलं, कशाने केलं, हे वहीत लिहायचं. आईने पस्तीस वर्षांपूर्वीची वही काढली. आजोबांचं ठसठशीत अक्षर: 'किड्यांची आठ छिद्रे बुजवली. डावी कड फाटलेली, नव्या कागदाने भरली. तांबूस डाग हलक्या हाताने खरवडून काढला.'

"तांबूस डाग," आजोबा पुटपुटले. "ती लाख होती, पट्टी चिकटवलेली. आणि मी शाबासकी मिळवली, डाग किती छान काढला म्हणून."

"तुमच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं," आई म्हणाली.

"केलंच असतंस. मीच शिकवलंय ना! भोक दिसलं की बुजवा. हाताला सवय लागली की डोळे सुट्टीवर जातात." मग त्यांनी खळीच्या वाटीकडे बोट दाखवलं. "एक बरंय, खळ गव्हाच्या पिठाची लावलीय. ओल दिली की सुटेल. हात माझे थरथरतात, तू कर. मी बघतो."

"साहेबांना विचारायला हवं."

"विचार ना. तोवर ठिगळ भिजू दे."

भिंगरी धीर एकवटून म्हणाली, "आजोबा, आणि पट्टी? कापलेली पट्टी कुठे गेली?"

आता गंमत ऐका. आजोबा खुर्ची ओढून बसले.

"पट्टी होती," ते म्हणाले. "या पत्राच्याच पुडक्यात होती. अशी निमुळती, सुटी. कुठली कुणास ठाऊक, असं वाटलं मला. कागद मात्र अस्सल जुना. आमच्या धंद्यात जुना सुटा कागद म्हणजे सोनं गं. तसल्याच जुन्या कागदाला लावला की जोड दिसत नाही. मी ती वापरली."

"वापरली? कुठे?" आईचा आवाज चढला.

"दुसऱ्या पत्राला. वही बघ, त्याच आठवड्यातली."

दोन पानं उलटल्यावर नोंद सापडली. राजवाड्याच्या माळ्याचा एक अर्ज होता. बकऱ्या रोपं खातात, कुंपण घालून द्या, असा. त्याची फाटलेली खालची कड आजोबांनी 'पुडक्यातील जुन्या सुट्या कागदाने' सांधली होती. आईने कपाटातून अर्ज काढला. भिंगरीने खालची कड भिंगातून पाहिली. पट्टी तिथे होती, बकऱ्यांच्या तक्रारीखाली, पस्तीस वर्षं मुकाट बसलेली. तिच्या टोकाशी अजून जरासा तांबूस रंग होता. आणि एक शाईचा फराटा, अर्धवट तुटलेला.

त्याचा दुसरा अर्धा भाग राजाच्या पत्रावर होता, घडीच्या बाहेरच्या बाजूला. आजवर तो सगळ्यांना शाईचा फटकारा वाटला होता. राजाने पट्टी ओवल्यावर पट्टीवरून आणि पत्रावरून मिळून एक रेघ ओढली होती. कोणी पट्टी काढून पुन्हा लावली, तर रेघेची दोन टोकं जुळणार नाहीत आणि बहिणीला कळेल.

"हुशार होता हो गडी," चौकटवाले काका म्हणाले. ते नेमके चौकट घेऊन आले होते आणि दारातच थबकले होते. "पण ताई, मग ही चौकट? मी दोन्ही बाजू बंद करायच्या बेताने आणलीय."

"खाली ठेवा, काका. आज काही बंद होत नाही."

दुपारपर्यंत आईने सात ठिगळं सोडवली. काम असं चालायचं: ओलसर कागदाचा तुकडा ठिगळावर ठेवायचा, त्यावर छोटं वजन, आणि थांबायचं. मग चिमट्याने कोपरा उचलून बघायचा. निघत नसेल तर पुन्हा थांबायचं. आजोबा शेजारी बसून फक्त दोनच शब्द बोलत होते, "अजून नाही" आणि "आता". भिंगरी वाळलेली ठिगळं एका पाकिटात ठेवून त्यावर आकडे लिहीत होती. दुरुस्तीच्या खोलीत चुकीचं ठिगळसुद्धा टाकून देत नाहीत.

आठवं ठिगळ भिजत असताना साहेब आले. कचेरीचे प्रमुख ते. माणूस भला, पण घाईत असला की कानाची पाळी ओढायची सवय. त्यांनी सगळं ऐकलं. घडी उघडली, मिटली, पट्टी पाहिली. पाळी ओढून ओढून लाल झाली.

"म्हणजे मी पुस्तिकेत जे लिहिलंय..."

"ते चूक आहे," आजोबा म्हणाले. "पण तुमची नाही, माझी. मी भोकं बुजवली म्हणून तुम्हाला पत्र उघडं वाटलं."

"छापून आलीय हो पाचशे प्रती! बरं, पुस्तिकेत एक चिठ्ठी घालता येईल. पाटी पुन्हा लिहून घेऊ. पण पाटीवर तुमचं नाव आहे. तुम्ही म्हणत असाल तर आपण ते गाळू. नुसतं लिहू, जुनी दुरुस्ती काढली. कोणाची, ते कशाला?"

भिंगरीचा पेन हवेतच राहिला. कालपासून तिला ज्याची भीती वाटत होती, ते हेच.

आजोबांनी आधी हाताने आईला खूण केली, "आता," आणि आईने आठवं ठिगळ उचललं. खाली सुरीची बारीक चीर होती, साडेपाचशे वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी.

"नाव राहू द्या," आजोबा म्हणाले. "काम मी केलं, तर चूक दुसऱ्या कोणाच्या गळ्यात कशाला? आणि नाव गाळलंत तर पुढच्या माणसाला कळणार कसं, की या हातानं आणखी काय काय केलंय ते? लिहा, याने बुजवल्या, त्या चुकून बुजवल्या. मोकळ्या केल्या हिने." त्यांनी आईकडे बोट केलं. "आणि पाहिल्या हिने."

"हिचं वय?" साहेबांनी विचारलं.

"दहा," भिंगरी म्हणाली. "पण ते लिहू नका. लोक मग पत्र सोडून माझ्याकडेच बघतील."

साहेब हसले आणि चिठ्ठीचा मजकूर लिहायला गेले. काका चौकटीची मागची बाजू उघडी कशी ठेवता येईल ते मोजू लागले, म्हणजे लोकांना दोन्हीकडून चिरा दिसतील. आईने पाठ ताणली आणि मोठ्ठी जांभई दिली. आजोबा खुर्चीत मागे रेलले होते. त्यांचा चेहरा उतरलेला होता, ते मी लपवणार नाही. पस्तीस वर्षं जपलेली गोष्ट एका दुपारी हातातून गेली, की माणूस थोडा वेळ तसा दिसणारच. पण त्यांनी हाडाची पट्टी खिशात परत ठेवली नव्हती.

भिंगरी वही वाचत होती. तीच, पस्तीस वर्षांपूर्वीची. एक पान उलटलं, मग दुसरं.

"आजोबा," ती म्हणाली, "त्या पुडक्यात एकूण किती पत्रं होती?"

"साठ-बासष्ट."

"सगळ्या नोंदींत 'किड्यांची छिद्रे' लिहिलंय. या पत्रात सहा. यात आठ. यात पुन्हा आठ."

आईची दुसरी जांभई अर्ध्यावरच थांबली.

"ती सगळी किड्यांचीच होती का?"

आजोबांनी छताकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "काल विचारलं असतंस तर हो म्हणालो असतो," ते म्हणाले. "आज मला माहीत नाही."

भिंगरीने वही मिटली नाही, ती उघडीच टेबलावर ठेवली. कोपऱ्यातल्या नळावर जाऊन तिने हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत, आणि नीट कोरडे केले. मग आपलं स्टूल ओढत आणून तिने उजेडाच्या काचेपाशी आजोबांच्या खुर्चीला टेकवलं, त्यावर बसली, आणि आईला म्हणाली, "पुडक्यातलं एक नंबरचं पत्र काढ."